बदललेला डोस दुसऱ्या दिवशी परत जुना दिसतो: होम व्हिजिटच्या रेकॉर्डमधली सारखी येणारी अडचण

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "ताई, काल मी डोस बदलला होता. आज उघडलं तर परत जुनाच दाखवतंय." आधी वाटतं, सिस्टरकडून सेव्ह करायचं राहिलं असेल. मग खापर नेटवर फुटतं, मग सर्व्हरवर. कुणीतरी डोस पुन्हा टाकतं आणि संध्याकाळी परत जुना दिसतो. एक-दोन दिवसांनी वेगळं काही न करता सगळं जागेवर येतं, म्हणून विषय तिथंच सुटतो. महिन्याभरानं दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडतं.

मी नाशिकमधल्या एका पॅलिएटिव्ह केअर टीमचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या टीमचं रेकॉर्ड सांभाळते. आमच्या गाड्या एकीकडे सिडको, नाशिकरोडला जातात, तर दुसरीकडे पेठ, हरसूलच्या पाड्यांपर्यंत. सिस्टर टॅबवर नोंद करतात. रेंज नसली तर नोंद टॅबमध्येच राहते आणि गाडी रेंजमध्ये आली की सिंक होते, म्हणजे सर्व्हरवर जाऊन सगळ्यांना दिसते. ज्यांचं सॉफ्टवेअर असं चालतं त्यांना ही अडचण कधी ना कधी येतेच. ती शोधायची कशी आणि बंद करायची कशी, ते लिहिते आहे.

आधी रुग्णाचं बघा

डोस जुना दिसला की पहिला फोन सॉफ्टवेअरवाल्यांना नाही, रुग्णाच्या घरी करायचा. हे मी का सांगते त्याला कारण आहे.

पेठकडच्या एका आजींना मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, चालू होतं, दर चार तासांनी १० मिलिग्रॅम. किडनीचं काम मंदावलं, आजी दिवसभर गुंगीत राहू लागल्या, मधूनच हातापायाला झटके यायला लागले. किडनी नीट चालत नसली की मॉर्फिनचे उरलेले घटक अंगात साठत जातात. म्हणून डॉक्टरांनी डोस ५ वर आणला आणि आठ तासांनी द्यायला सांगितला. म्हणजे दिवसाचे ६० मिलिग्रॅम होते ते १५ झाले. सिस्टरनी त्यांच्या घरातच, चुलीशेजारी बसून टॅबवर नोंद केली. त्या रात्री सुनेचा ऑन-कॉलच्या नंबरवर फोन आला, की आजी कण्हतायत, गोळी किती देऊ? ऑन-कॉल सिस्टरनी स्क्रीन उघडली आणि वाचलं, १० मिलिग्रॅम. त्या सांगणार एवढ्यात सून म्हणाली, "पण मॅडम, वहीत तर पाच लिहिलंय. अर्धी गोळी."

ती वही होती म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे ठरलेलं आहे, की घरातल्या वहीत सिस्टरच्या हातानं लिहिलेला शेवटचा डोस आणि स्क्रीनवरचा डोस जुळत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोनवर आकडा सांगायचा नाही. वाढवलेला डोस मागे गेला तर रुग्णाला दुखणं सोसावं लागतं. कमी केलेला डोस मागे गेला तर श्वास मंदावतो. दोन्ही वाईटच, पण दुसऱ्यात सावरायला वेळ मिळत नाही.

घरी फोन केला की वहीतला डोस वाचून घ्या, शेवटची गोळी कधी दिली ते विचारा आणि पट्टीत किती गोळ्या उरल्यात ते मोजायला सांगा. दिलेल्या गोळ्यांतून उरलेल्या वजा केल्या की खरंच कोणता डोस चाललाय ते कळतं. हे सगळं कागदावर टिपून ठेवा. त्यानंतर सॉफ्टवेअरकडे वळा.

आणखी एक गोष्ट, आणि ही अगदी मनापासून सांगते. घाबरून ऍप काढून पुन्हा टाकू नका, 'डेटा क्लिअर' करू नका. टॅबमध्ये सिंक व्हायच्या राहिलेल्या नोंदी त्या एका बटणानं कायमच्या जातात. बहुतेक ऍपमध्ये बाकी नोंदींचा आकडा कुठेतरी दिसतो. तो शून्य झाल्याशिवाय लॉगआउटसुद्धा नको. शून्य होत नसेल तर त्या नोंदी एकेक उघडून स्क्रीनचे फोटो काढून ठेवा.

"सिस्टर, तुमच्या टॅबवर आत्ता किती वाजलेत?"

आजींच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरना फोन केला. नेट, व्हर्जन, सेव्हचं बटण, सगळं विचारून झालं. शेवटी सहज विचारलं की टॅबवर आत्ता किती वाजलेत. त्या म्हणाल्या, "सव्वादहा. बरोबरच आहे की." मी म्हटलं, तारीख? थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाल्या, "अगंबाई, हा तर शनिवार दाखवतोय." त्या दिवशी बुधवार होता.

झालं होतं असं. टॅब आठवड्याअखेर कपाटात राहिला, बॅटरी पार उतरली. चार्ज करून चालू केला तेव्हा त्याचं घड्याळ मागेच होतं. कुणीतरी वेळ हातानं बरोबर लावली, पण तारखेकडे पाहिलं नाही. 'वेळ आपोआप घ्या' ही सोय आधीपासून बंद होती, त्यामुळे रेंज आली तरी तारीख सुधारली नाही.

आता सिंकचं काम बघा. एकाच रुग्णाची नोंद दोन ठिकाणी बदलली गेली तर कोणती ठेवायची, हे बरीच सॉफ्टवेअरं एका साध्या नियमानं ठरवतात: ज्या नोंदीवरची वेळ नंतरची ती खरी. आणि ती वेळ येते कुठून, तर ज्या यंत्रावर नोंद झाली त्याच्या घड्याळातून. सोमवारी संध्याकाळी ऑफिसमधून आजींच्या मुलाचा मोबाइल नंबर बदलला होता. मुलगा अंबडला कंपनीत आहे, नवीन सिम घेतलं होतं. फक्त नंबर बदलला असं आम्हाला वाटलं, पण सेव्ह करताना ऍपनं पूर्ण फॉर्म पाठवला आणि त्यात जुना डोसही गेला, सोमवारच्या वेळेसकट. मंगळवारी सिस्टरनी टॅबवर नवा डोस टाकला, पण टॅबच्या लेखी तो शुक्रवार होता. गाडी सावळघाट चढून रेंजमध्ये आली, सिंक झालं, सर्व्हरनं शुक्रवार आणि सोमवार ताडून पाहिले आणि सोमवारचा ठेवला. सर्व्हरचं त्याच्या नियमानं काहीच चुकलं नव्हतं.

घड्याळ पुढे असेल तर प्रकार याहून त्रासाचा. एखादा फोन एक दिवस पुढे असताना त्यावरून जुन्या डोससकट नोंद गेली, की तिच्यावर उद्याची वेळ बसते. मग तुम्ही आज कितीदाही डोस दुरुस्त करा, तुमची वेळ आजची, तिची उद्याची. दर सिंकला तीच वर येते. उद्या उजाडून ती वेळ ओलांडली की त्यानंतर टाकलेली दुरुस्ती टिकायला लागते. एक-दोन दिवसांत आपोआप बरं झाल्यासारखं दिसतं ते यामुळे. आमच्याकडे एकदा हे झालं तेव्हा सिस्टरच्या मुलानं गेममध्ये जास्तीचे चान्स मिळावेत म्हणून फोनची तारीख पुढे केली होती. मुलाला बोलण्यात अर्थ नाही. कामाचा टॅब आणि घरचा फोन वेगळे ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

तेव्हा पहिली तपासणी हीच. टीममधल्या प्रत्येक यंत्रावर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरसुद्धा, सेटिंगमध्ये जाऊन तारीख व वेळ उघडा. वेळ आपोआप, टाइम झोन आपोआप, दोन्ही चालू करा. झोन भारताचाच आहे ना, ते डोळ्यांनी बघा. ज्या टॅबमध्ये सिम नाही त्याला गाडी निघण्याआधी पाच मिनिटं ऑफिसचं वायफाय द्या. आम्ही सकाळी औषधांची पेटी मोजतो तेव्हाच सगळे टॅब टेबलावर एका ओळीत ठेवतो आणि तारीख मोठ्यानं वाचतो. त्याला एक मिनिट लागतं.

घड्याळ सुधारल्यावर चुकीच्या वेळेच्या जुन्या नोंदी तशाच राहतात. त्यासाठी त्या रुग्णाचा डोस एकदा पुन्हा टाका, सिंक करा, दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एकदा बघा. पुढच्या तारखेची नोंद आत बसलेली असेल तर ती सॉफ्टवेअरवाल्यांकडूनच काढून घ्यावी लागते.

घड्याळ बरोबर आहे, तरी डोस जुनाच

मग बहुधा तो रुग्ण दोनदा नोंदला गेला आहे. तुम्ही एका नोंदीत डोस बदलताय आणि ऑन-कॉलवाल्या दुसरी नोंद उघडतायत.

हे का होतं ते मराठी लिहिणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवं, कारण दोष आपल्या लिपीच्या टायपिंगमध्ये दडलेला आहे. बोऱ्हाडे हे आडनाव घ्या. नाशिकला घरोघरी ऐकू येतं. त्यातला ऱ्ह कीबोर्डप्रमाणे दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यासाठी खालच्या टिंबाचा वेगळा र आहे. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही बोऱ्हाडे हुबेहूब सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. सिस्टरनी एका कीबोर्डवर नाव टाकलं, ऑफिसनं दुसऱ्या कीबोर्डवर शोधलं, 'रुग्ण सापडला नाही' असं आलं आणि ऑफिसनं नवीन नोंद केली. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे या सगळ्यांचं असंच होतं. त्यात इंग्रजीतून नाव घेतलेलं असेल तर चौधरीची स्पेलिंगं किती होतात ते तुम्हीच मोजा.

जन्मतारखेचा आधार घ्यावा तर तोही लंगडा. पाड्यावरच्या सत्तरीतल्या माणसाला जन्मतारीख ठाऊक नसते. वय विचारून वर्ष काढलं जातं आणि पुढे १ जानेवारी टाकतात. आमच्या यादीत १ जानेवारीला जन्मलेल्यांची रांगच आहे. गावाचंही तेच. 'पेठ' टाकलं की पेठ तालुक्यातले रुग्ण येतात आणि पंचवटीतल्या पेठ रोडचेही.

म्हणून आम्ही नावानं शोधणं सोडलं. मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ताडायचं. बहुतेक घरांत एकच मोबाइल असतो, त्यामुळे चार नावं आली तरी ती बहुधा त्याच घरची असतात. आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र) असेल तर त्याचा १४ अंकी क्रमांक सगळ्यात उत्तम, पण आमच्या अनेक रुग्णांकडे ते नसतं, आणि असलं तरी अखेरच्या आजारात कागद शोधायला लावणं जिवावर येतं. आमचा स्वतःचा नोंदणी क्रमांक घरातल्या वहीच्या पुठ्ठ्यावर जाड मार्करनं लिहिलेला असतो. रात्री फोन आला की पहिला प्रश्न तोच: "वहीवरचा नंबर सांगता का?"

दोन नोंदी सापडल्या तर एक उडवून मोकळं होऊ नका. दोन्ही उघडून शेजारी ठेवा. निदान, चालू औषधं, ऍलर्जी, संमतीचा कागद आणि पुढे दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं याबद्दल घरच्यांशी झालेलं बोलणं, हे प्रत्येक कोणत्या नोंदीत आहे ते बघा. आमच्या अनुभवात ते दोन्हीकडे विखुरलेलं असतं. दोन्हींची छापील प्रत काढा आणि मगच एकत्र करा. हे काम टीममध्ये एकाच माणसाकडे असू द्या. दोघांनी एकाच वेळी केलं तर नोंदी उलट-सुलट मिसळतात आणि मग निस्तरणं फार अवघड होतं.

आकडा लिहिण्याबद्दलही इथंच सांगते. मराठी कीबोर्डवरून टाकलेला १० काही सॉफ्टवेअरं आकडा म्हणून घेत नाहीत. रकाना रिकामा राहतो आणि रिकाम्या रकान्यात मागचा डोस दिसत राहतो. हा प्रकारसुद्धा 'डोस परत जुना झाला' असाच भासतो. आणि वहीत घाईनं लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. १० चा ९० वाचला गेला तर काय होईल ते सांगायला नको. वहीत आम्ही डोस अक्षरीच लिहितो: 'दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी, म्हणजे पाच, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा'. रकान्यात कोणते आकडे चालतात ते चाचणीसाठी केलेल्या खोट्या रुग्णावर एकदा तपासून सगळ्यांना कळवा.

तारीख एक दिवस मागे जाते

हा त्याच घराण्यातला दोष आहे, पण खूण वेगळी. डोस बरोबर, तारीख आदल्या दिवसाची. बरीच सॉफ्टवेअरं आतून वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात आणि आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान केलेली नोंद आतल्या घड्याळात आदल्या दिवशी पडते. दाखवताना ती नीट परत फिरवली नाही तर रिपोर्टमध्येही आदलाच दिवस येतो. ओळखायचं कसं? चुकलेल्या सगळ्या नोंदींची वेळ काढा. त्या जर झाडून रात्री बारा ते साडेपाचमधल्या निघाल्या तर दुसरं काही शोधू नका. सॉफ्टवेअरवाल्यांना नेमकं एवढंच सांगा, रिपोर्ट भारतीय वेळेनं काढा.

पॅलिएटिव्हमध्ये हा दोष बारीक मानता येत नाही, कारण पुष्कळ माणसं पहाटे जातात. पहाटे पावणेतीनला गेलेल्या काकांची तारीख आमच्या रिपोर्टमध्ये एक दिवस आधीची आली. दहाव्यानंतर घरच्यांना भेटायला जायचं, निदान फोन करायचा, अशी आमची पद्धत आहे, आणि सॉफ्टवेअर त्यासाठी मृत्यूच्या तारखेवरून आठवण देतं. आठवण एक दिवस आधी आली. सिस्टरनी फोन केला तेव्हा सगळं घर रामकुंडावर होतं, मागे मंत्र ऐकू येत होते. मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, उद्या करता का?" सिस्टरना ते फार लागलं. मलाही. शिवाय मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत करायची असते. आपल्या कागदावर एक तारीख आणि नोंदणीत दुसरी असेल तर पेन्शन, विमा यांसाठी घरच्यांनाच खेटे घालावे लागतात. म्हणून मृत्यूची तारीख आम्ही अजूनही हातानं ताडतो, रिपोर्टवर सोडत नाही.

मॉर्फिनच्या रजिस्टरलाही याची झळ लागते. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनं आवश्यक मादक औषधं असा वेगळा गट केला, पुढे मॉर्फिनसह सहा औषधं त्यात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. पण हिशेब गोळीगणिक द्यावाच लागतो. रात्री मृत्यू झाला, घरच्यांनी उरलेल्या गोळ्या सिस्टरकडे परत दिल्या, त्याची नोंद आदल्या दिवसात पडली, की दोन्ही दिवसांची शिल्लक चुकते. अशा वेळी शिल्लक जुळवण्यासाठी आकडा बदलू नका. फरक का आला ते शेराच्या रकान्यात लिहा आणि प्रभारी डॉक्टरांची सही घ्या.

बाकी एक किरकोळ कारण राहिलं. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ऍप्स बंद करतात, त्यात सिंकही थांबतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये आपल्या ऍपवरचं बंधन काढून टाका, झालं.

सॉफ्टवेअरवाल्यांकडे काय मागायचं

'डोस जुना दिसतो' एवढंच कळवलं तर 'नेट तपासा' असं उत्तर येतं. आम्हाला कित्येकदा आलं आहे. त्याऐवजी कोणत्या यंत्रावर नोंद झाली, त्या यंत्रावर त्या क्षणी कोणती तारीख-वेळ होती, खरी वेळ काय होती, सिंक कधी झालं आणि त्याच रुग्णाची नोंद आणखी कुणी कधी उघडली, हे पाच मुद्दे लिहून पाठवा. रुग्णाचं नाव किंवा स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकू नका, नोंदणी क्रमांक पुरतो. कॅन्सरची बातमी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून गाडी लांब उभी करायला सांगणारी घरं आहेत, त्यांचं नाव आपल्या हातून बाहेर जायला नको.

दुरुस्ती मागाल ती याहून खोलवरची मागा. डोस हा मोबाइल नंबरासारखा खोडून पुन्हा लिहायचा रकाना नसावा. प्रत्येक बदल वेगळी ओळ म्हणून खाली जोडला जावा, कुणी, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून हे त्यात असावं, आणि जुनी ओळ कधीच पुसली जाऊ नये. नंबर बदलला तर फक्त नंबर जावा, पूर्ण फॉर्म नको. यंत्राचं घड्याळ सर्व्हरपेक्षा दहा मिनिटांहून जास्त वेगळं असेल तर ऍपनं तिथंच थांबवून सांगावं. आणि दोन डोसांत मेळ बसत नसेल तर सॉफ्टवेअरनं स्वतः निवड न करता दोन्ही लाल रंगात दाखवावेत, डॉक्टरांनी ठरवावं.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी यातलं पहिलं आणि शेवटचं करून दिलं. घड्याळाची सूचना अजून आलेली नाही. ती येईपर्यंत रोज सकाळी टेबलावर टॅबची ओळ लागते आणि सिस्टर आळीपाळीनं तारीख वाचतात.